आधी गावाविषयी विचारा, मग जगाविषयी

कृत्रिम बुद्धिमत्ता मुलांच्या हातात पोहोचली आहे. ती काढून घेणे शक्य नाही आणि मुलांना तिच्या भरवशावर सोडून देणे धोक्याचे आहे. तिचा सुरक्षित आणि डोळस वापर शिकवायचा तर सुरुवात कुठून करावी, याचा बोईसर-तारापूर परिसरातील सरावलीच्या संदर्भात घेतलेला हा आढावा.

बोईसर, प्रतिनिधी

सरावली हे नाव एकाच गावाचे नाही. एक सरावली पालघर तालुक्यात, बोईसरला अगदी लागून आहे. दुसरी ठाणे जिल्ह्यात, भिवंडी तालुक्यात आहे. दोन्हींना औद्योगिक वसाहतीचा शेजार आहे. बोईसरजवळच्या सरावलीतील एखाद्या मुलाने मोबाइलवरील चॅटबॉटला 'आमच्या सरावली गावाची माहिती दे' असे सांगितले, तर काही क्षणांत दोन-तीन परिच्छेदांचे नीटनेटके उत्तर समोर येईल. भाषा सफाईदार असेल, सूर ठाम असेल. पण त्या उत्तरात एका सरावलीतील रस्ता दुसरीत शिरलेला असू शकतो. गावात नसलेली नदी वाहत असू शकते, कधीच नसलेले देऊळ उभे असू शकते. ही चूक दूरच्या शहरातील तज्ज्ञाच्या सहज लक्षात येणार नाही. सरावलीतील पाचवीच्या मुलाला मात्र ती वाचताक्षणीच कळेल.

मुलांना कृत्रिम बुद्धिमत्तेचा डोळस वापर शिकवण्याची सुरुवात याच ठिकाणी करता येते. ज्या विषयात मूल यंत्रापेक्षा अधिक जाणते, त्या विषयावर आधी यंत्राची परीक्षा घ्यायची. तिथे यंत्र कसे चुकते, चुकतानाही किती आत्मविश्वासाने बोलते, हे मुलाने एकदा स्वतः पाहिले की मोगल साम्राज्य, मूत्रपिंडाचे कार्य किंवा चक्रवाढ व्याज या विषयांवरील उत्तरेही ते सावधपणे वाचू लागते. 'यंत्रावर विश्वास ठेवू नका' या शंभर वेळा केलेल्या उपदेशाने जे साधत नाही, ते आपल्याच गावाविषयीच्या एका चुकीच्या उत्तराने साधते.

सरावलीचा प्रश्न वेगळा का?

बोईसर आणि तारापूर औद्योगिक वसाहतीच्या परिसरात मूळचे आदिवासी, आगरी, मच्छीमार आणि शेतकरी कुटुंबे आहेत. त्यांच्या शेजारीच उत्तर प्रदेश, बिहार, गुजरात, राजस्थान आणि महाराष्ट्राच्या इतर जिल्ह्यांतून कामासाठी आलेली कुटुंबे राहतात. एकाच वर्गात घरी वारली बोलणारे, भोजपुरी बोलणारे आणि मराठी बोलणारे मूल एका बाकावर बसते. वडील कारखान्यात पाळीवर, आई कामावर किंवा घरकामात, अशा घरांत अभ्यास घ्यायला कोणी मोकळे नसते. शिकवणीची फी प्रत्येकाला परवडत नाही. अशा मुलासाठी रात्री नऊ वाजताही न कंटाळता भागाकार समजावून देणारे, इंग्रजी वाक्य मराठीत उलगडून सांगणारे यंत्र ही मोठी सोय आहे. तिला सरसकट नावे ठेवणे अन्यायाचे ठरेल.

तथापि, याच घरांत यंत्राची चूक पकडणारे माणूसही सहसा उपलब्ध नसते. शहरातील सुशिक्षित पालक उत्तर वाचून 'हे असे नाही' असे म्हणू शकतो. घरात पहिल्यांदाच दहावीपर्यंत पोहोचलेल्या मुलाच्या आईवडिलांना पडद्यावरील सफाईदार मराठी पाहून ते 'पुस्तकातलेच' वाटते. ज्याला यंत्राची गरज सर्वांत जास्त, त्यालाच त्याची चूक सर्वांत महागात पडण्याची भीती, असा हा पेच आहे. साहजिकच तपासण्याची सवय मुलाला स्वतःलाच लावावी लागते.

यंत्र जाणते काय?

चॅटजीपीटी ही सेवा ३० नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वांसाठी खुली झाली. त्यानंतर तशाच अनेक सेवा आल्या. त्यांच्या मुळाशी असलेले तंत्र मुलांना समजावणे वाटते तितके अवघड नाही. त्यासाठी संगणकाचीही गरज नाही.

शिक्षकाने फळ्यावर एक अर्धे वाक्य लिहावे. 'आभाळ भरून आले आहे, आता जोराचा...' पुढचा शब्द कोणता, असे विचारताच अख्खा वर्ग 'पाऊस' असे ओरडेल. क्वचित एखादा 'वारा' म्हणेल. कोणीही 'टेबल' म्हणणार नाही. मुलांनी असंख्य वाक्ये ऐकलेली असतात, म्हणून त्यांना पुढचा शब्द सुचतो. यंत्रही मुळात हेच करते. अब्जावधी वाक्यांतून कोणत्या शब्दांपाठोपाठ कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, हे त्याने गणिताने टिपलेले असते आणि त्यावरून ते उत्तर रचत जाते. काही सेवा उत्तर देण्यापूर्वी इंटरनेटवर शोधही घेतात. मात्र, सापडलेले खरे की खोटे, हे पारखण्यात त्यांचीही चूक होऊ शकते.

आता शिक्षकाने दुसरे वाक्य लिहावे. 'सरावलीच्या शाळेची पहिली घंटा ज्यांनी वाजवली त्यांचे नाव...' वर्ग गप्प राहील. ज्याला माहीत नाही ते मूल 'माहीत नाही' असे म्हणेल. यंत्र मात्र इथेही गप्प राहीलच असे नाही. त्या जागी शोभेल असे एखादे नाव ते देऊन मोकळे होऊ शकते. यालाच तंत्रज्ञ यंत्राचा 'भ्रम' म्हणतात. यंत्र खोटे बोलत नाही, कारण खोटे बोलण्यासाठी खरे काय ते ठाऊक असावे लागते. ते केवळ शोभेलसे बोलते.

या भ्रमाची किंमत मोठ्या माणसांनीही मोजली आहे. न्यूयॉर्कमधील एका दाव्यात वकिलांनी चॅटजीपीटीने पुरवलेले जुन्या निवाड्यांचे दाखले न्यायालयात सादर केले. ते निवाडे अस्तित्वातच नव्हते. जून २०२३ मध्ये न्यायालयाने त्या वकिलांना पाच हजार डॉलरचा दंड केला. कायद्याचे शिक्षण घेतलेली माणसे फसतात, तिथे सातवीच्या मुलाकडून उपजत शहाणपणाची अपेक्षा ठेवता येत नाही.

मराठीतून विचारणाऱ्या मुलांसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. २०११च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असलेल्यांची संख्या आठ कोटी तीस लाखांच्या घरात होती. पण इंटरनेटवरील मराठी मजकूर इंग्रजीच्या तुलनेत फारच थोडा आहे आणि वारली बोलीतला तर नगण्य. यंत्राने वाचलेलेच कमी, म्हणून त्याच्या मराठी उत्तरांत अनुवादाचा वास, चुकीचे शब्द आणि स्थानिक तपशिलांची गल्लत अधिक आढळते. हे मुलांना सांगायला हवे. नाही तर यंत्राला जे ठाऊक नाही ते महत्त्वाचेच नाही, असा समज मुलांच्या मनात रुजू शकतो आणि तो चुकीच्या उत्तराहूनही घातक आहे.

अफवेचा अनुभव असलेला जिल्हा

ऐकलेले तपासून पाहण्याचा धडा पालघर जिल्ह्याला अनोळखी नाही. त्याची फार मोठी किंमत या जिल्ह्याने दिली आहे. १६ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीच्या काळात, डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांना जमावाने ठार मारले. त्याआधी काही दिवस परिसरात चोर आणि मुले पळवणाऱ्या टोळ्या फिरत असल्याच्या अफवा मोबाइलवरून पसरत होत्या. त्यापूर्वी १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे भिक्षेकरी समाजातील पाच जणांचा असाच बळी गेला होता. तेथेही कारण मुले पळवल्याची अफवाच होते.

त्या वेळी अफवा पसरवायला कृत्रिम बुद्धिमत्तेची गरज लागली नव्हती. काही ओळींचे संदेश पुरेसे ठरले. आता त्या संदेशाला चेहरा आणि आवाज जोडणे कोणालाही शक्य झाले आहे. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकर एका गेमिंग अॅपची जाहिरात करीत असल्याची चित्रफीत फिरू लागली. ती बनावट असल्याचे खुद्द तेंडुलकर यांना जाहीर करावे लागले. तेंडुलकर यांच्याकडे खुलासा करण्यासाठी साऱ्या देशाचे कान आहेत. एखाद्या पाड्यावरच्या अनोळखी फेरीवाल्याविषयी उद्या अशी चित्रफीत निघाली, तर त्याचा खुलासा कोण ऐकणार?

बोईसर-तारापूर परिसरात याला आणखी एक पदर आहे. येथे रासायनिक कारखान्यांची मोठी वसाहत आहे. आग, स्फोट आणि वायुगळतीच्या घटना येथील रहिवाशांनी पाहिल्या आहेत. किनाऱ्यावर तारापूरचे अणुऊर्जा केंद्र आहे. डहाणू-तलासरी पट्ट्याने नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाच्या धक्क्यांची मालिका अनुभवली आहे. अशा भागात स्फोटाची बनावट चित्रफीत किंवा 'आज रात्री मोठा भूकंप होणार' असा बनावट आवाजातील इशारा काही मिनिटांत हजारो माणसांना रस्त्यावर आणू शकतो. उलट, खरा इशाराही 'हे एआयचे असेल' म्हणून दुर्लक्षिला गेला तर त्याचेही परिणाम गंभीर होतील. म्हणून सगळ्यावर अविश्वास ठेवणे हा उपाय नव्हे. पारख करणे हाच उपाय आहे.

ही पारख चार साध्या प्रश्नांत बसवता येते. हे कोणी सांगितले? कधीचे आहे? कुठले आहे? आणखी कोण सांगते? भूकंपाच्या संदेशाला हे प्रश्न लावून पाहता येतात. सांगणाऱ्याचे नाव नाही, तारीख नाही, जागा मोघम आणि जिल्हा प्रशासनाकडून दुजोरा नाही, म्हणजे संदेश पुढे पाठवायचा नाही. शिवाय भूकंपाचा दिवस आणि वेळ आधी सांगण्याचे तंत्र विज्ञानाकडे अद्याप नाही, ही एक गोष्ट मुलाला ठाऊक असली तरी असा संदेश तिथेच गळून पडतो. पारख करायलाही आधी थोडे ज्ञान लागतेच. यंत्र आले म्हणून पाठ्यपुस्तक अनावश्यक झाले, असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवे.

कोसबाडची वाट

मुलाच्या परिसरातूनच शिक्षण सुरू करावे, हा विचार या जिल्ह्याला परका नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. १९५७ मध्ये हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, यातून अंगणवाडीचा प्रयोग उभा राहिला. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरली. महागडी परदेशी साधने परवडणारी नव्हती, तेव्हा पाने, फुले, बिया, खडे, शिंपले हीच शैक्षणिक साधने झाली.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या शिक्षणालाही हीच वाट घेता येईल. त्यासाठी वर्गातील प्रत्येक मुलाकडे संगणक असण्याची गरज नाही. शिक्षकाच्या एका मोबाइलवर उत्तर मिळवून ते फळ्यावर उतरवले तरी पुरते. असे काही पाठ सहज घेता येण्याजोगे आहेत.

पहिला पाठ जिल्ह्याचा. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याआधीच्या पुस्तकांत, अहवालांत आणि बातम्यांत बोईसर, सरावली, डहाणू यांचा उल्लेख ठाणे जिल्ह्यात आढळतो. यंत्राने दोन्ही काळांतला मजकूर वाचलेला असल्याने त्याच्या उत्तरात कधी जुना जिल्हा डोकावू शकतो. 'सरावली कोणत्या जिल्ह्यात आहे, जिल्ह्यात तालुके किती?' हे विचारून मुलांनी उत्तर तपासावे. तालुके आठ आहेत आणि ते मुलांना पाठ असतात. एखादी माहिती तेव्हा खरी असते आणि आज चुकीची ठरते, म्हणून तारीख पाहायची असते, हे यातून आपोआप कळते.

दुसरा पाठ अणुऊर्जा केंद्राचा. तारापूर येथील पहिल्या दोन अणुभट्ट्यांतून २८ ऑक्टोबर १९६९ पासून व्यापारी तत्त्वावर वीजनिर्मिती सुरू झाली. देशातील हे पहिले अणुवीज केंद्र. पुढे प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या आणखी दोन अणुभट्ट्या २००५ आणि २००६ मध्ये कार्यान्वित झाल्या. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण या गावांना स्थलांतरित व्हावे लागले. मुलांनी यंत्राला केंद्राची माहिती विचारावी आणि उत्तरात काय आले याबरोबरच काय आले नाही, याचीही नोंद करावी. मेगावॉटचे आकडे आले, पण उठलेल्या गावांचा उल्लेख आला का? नसल्यास पुन्हा विचारावे. प्रत्येक उत्तर ही एक निवड असते आणि सुटलेल्या गोष्टी विचारणाऱ्याला शोधून काढाव्या लागतात, हे दहावीच्या मुलांना या उदाहरणातून चांगले समजू शकते.

तिसरा पाठ चित्राचा. चित्र काढणाऱ्या यंत्राला 'वारली लग्नाचा चौक काढ' असे सांगावे. मिळालेले चित्र वर्गात लावावे आणि ज्यांच्या घरी ही परंपरा आहे त्या मुलांना बोलू द्यावे. गेरूने किंवा मातीने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेले चित्र पांढऱ्या एकाच रंगाचे असते. माणसाचे शरीर टोकाला टोक जोडलेल्या दोन त्रिकोणांचे असते. चौकात पालघट देवी असते, हा चौक सवासिनी लिहितात आणि धवलेरी लग्नाची गाणी म्हणते. यंत्राच्या चित्रात यापैकी काय आहे, काय नाही आणि काय भलतेच आहे? डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे यांना या कलेसाठी २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्यासारख्या कलावंतांच्या चित्रांकडे पाहूनच यंत्र शिकले असेल, तर त्याचे श्रेय आणि मोबदला कोणाला मिळावा? हा प्रश्न जगभरच्या न्यायालयांत गेला आहे. सरावलीच्या वर्गातही त्यावर चर्चा व्हायला हरकत नाही. शिवाय, एरवी वर्गात मागे बसणारे मूल या पाठात सर्वांना शिकवणारे ठरते, हा लाभ वेगळाच.

गृहपाठ कोणाचा?

शिक्षकांची सर्वांत मोठी तक्रार गृहपाठाविषयी आहे. 'माझा आवडता सण' हा निबंध यंत्राकडून लिहून आणला तर तो ओळखावा कसा? एआयने लिहिलेला मजकूर ओळखण्याचा दावा करणारी साधने उपलब्ध आहेत. पण ती चुकतात आणि स्वतः लिहिणाऱ्या प्रामाणिक मुलावरही ठपका ठेवतात. मराठीच्या बाबतीत तर त्यांवर विसंबणे अधिकच धोक्याचे आहे.

त्यापेक्षा गृहपाठाचे स्वरूप बदलणे सोपे. 'होळी' या निबंधाऐवजी 'यंदा आपल्या आळीतील होळीची तयारी कोणी कशी केली, ते तिघांना विचारून लिहा' असे सांगितले, तर यंत्राकडे त्याचे उत्तर नसते. लिहून आणलेल्या मजकुरावर दोन मिनिटे तोंडी प्रश्न विचारले तर समजून लिहिले की उतरवून काढले, हे शिक्षकाला कळते. आधी मुलाने स्वतः लिहावे, मग यंत्राला 'यातील चुका दाखव' असे विचारावे आणि कोणती सूचना मानली, कोणती नाकारली आणि का, हे वहीत टिपावे. गणितात 'उत्तर सांग' ऐवजी 'पुढची पायरी कोणती, एवढाच इशारा दे' असे म्हणावे. यंत्र वापरले असेल तर तसे सांगण्यात कमीपणा नाही, ही भावना वर्गात असली पाहिजे. शिक्षेच्या भीतीने लपवलेला वापर सुधारता येत नाही.

मोबाइल एक, वापरणारे पाच

सुरक्षिततेची बाजू याहून नाजूक आहे. अनेक घरांत एकच मोबाइल असतो आणि तो सारे कुटुंब वापरते. त्याच मोबाइलवर बँकेचे संदेश, आधार कार्डाचे छायाचित्र, बहिणीचे फोटो असतात. चॅटबॉटला लिहिलेली गोष्ट मोबाइलमध्येच राहते असे मुलांना वाटते. प्रत्यक्षात ती कंपनीच्या संगणकावर जाते आणि काही सेवांत यंत्राला शिकवण्यासाठीही वापरली जाते. म्हणून पूर्ण नाव, पत्ता, शाळेचे नाव, मोबाइल क्रमांक, ओटीपी, कागदपत्रे आणि कोणाचेही फोटो यंत्राला द्यायचे नाहीत, हा नियम घरातील प्रत्येकाने पाळायला हवा. चौकात अनोळखी माणसाला जे सांगणार नाही, ते यंत्रालाही सांगायचे नाही, एवढे लहान मुलाला समजते.

वयाचीही अट आहे. चॅटजीपीटीच्या अटींनुसार वापरणारा किमान १३ वर्षांचा असावा आणि १८ वर्षांखालील मुलांना पालकांची परवानगी असावी. युनेस्कोने सप्टेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेतही वर्गात अशा साधनांच्या स्वतंत्र वापरासाठी किमान १३ वर्षे ही मर्यादा सुचवली आहे. भारतात २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले आहे. त्यांची माहिती हाताळण्यासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती घेण्याचे, तसेच त्यांच्यावर पाळत ठेवण्यास आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवण्यास मनाई करण्याचे कलम त्यात आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने ठरवण्यात आली आहे. पण वडिलांच्या मोबाइलवर वडिलांच्या नावाने उघडलेल्या खात्यावर मूल बसले, तर यंत्राच्या दृष्टीने ते प्रौढच असते. कायद्याची ही फट घरातच बुजवावी लागते. लहान मुलाने यंत्र वापरायचे ते मोठ्या कोणाच्या शेजारी बसून, हा त्यावरचा साधा मार्ग.

मुलींच्या साध्या फोटोवरून अश्लील चित्र तयार करून धमकावण्याचे प्रकार हा सर्वांत क्लेशदायक धोका आहे. अशा वेळी घरातून पहिला शब्द 'तू फोटो टाकलासच का?' असा निघाला, तर पुढच्या वेळी मूल काहीच सांगणार नाही. दोष चित्र बनवणाऱ्याचा आहे. बालकांचे असे चित्र बनवणे, बाळगणे आणि पसरवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७-ब खाली गुन्हा आहे. चित्र खरे नव्हते, ही पळवाट होऊ शकत नाही. त्यामुळे मित्राची 'गंमत' म्हणून असे काही करू पाहणाऱ्या मुलांनाही हे स्पष्ट शब्दांत सांगायला हवे. अशा प्रसंगी धमकीचा संदेश, क्रमांक आणि वेळ यांची नोंद ठेवावी, पैसे देऊ नयेत आणि चित्र कोणालाही पुढे पाठवू नये. सायबर गुन्ह्यांसाठी १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आणि केंद्राचे तक्रार संकेतस्थळ आहे. मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

आवाजाची नक्कल करून फसवण्याचा मार्गही आता सोपा झाला आहे. 'तुमचा मुलगा पोलिसांच्या ताब्यात आहे, पैसे पाठवा' असा फोन आणि मागे रडणारा ओळखीचा आवाज. गावापासून दूर राहणाऱ्या कामगार कुटुंबाला तो चटकन घाबरवू शकतो. घरातल्यांनी आपसात एक खुणेचा शब्द ठरवून ठेवावा आणि तो आला नाही तर फोन ठेवून मुलाच्या नेहमीच्या क्रमांकावर स्वतः फोन करावा. ही युक्ती फुकट आहे आणि आजीलाही जमण्यासारखी आहे.

यंत्र मित्र होते तेव्हा

धोका केवळ फसवणुकीचा नाही. यंत्र रागावत नाही, कंटाळत नाही आणि बहुतेक वेळा बोलणाऱ्याच्या होकारात होकार मिसळते. एकाकी मुलाला ते माणसांहून जवळचे वाटू शकते. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात १४ वर्षांच्या एका मुलाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जीवन संपवले. तो एका चॅटबॉटच्या आहारी गेला होता, असा आरोप करून त्याच्या आईने ऑक्टोबर २०२४ मध्ये कंपनीविरुद्ध दावा दाखल केला. अशा अनेक तक्रारींनंतर त्या कंपनीने नोव्हेंबर २०२५ मध्ये १८ वर्षांखालील मुलांसाठी मुक्त गप्पांची सोय बंद केली.

मनातले बोलायला मुलाला यंत्र का लागले, हा प्रश्न मोबाइल हिसकावून सुटत नाही. दोन्ही पाळ्यांच्या मधल्या वेळेत का होईना, दिवसातून एकदा मुलाशी अभ्यासाखेरीज काही बोलणे घडावे लागते. मूल गप्प झाले, झोप उडाली, रात्रभर मोबाइल उशाशी असेल, तर शिक्षकांशी किंवा डॉक्टरांशी बोलावे. मानसिक आरोग्यासाठी 'टेली-मानस'चा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक उपलब्ध आहे.

अभ्यासक्रम येतो आहे, पण...

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१९-२० पासून नववीसाठी कृत्रिम बुद्धिमत्ता हा ऐच्छिक विषय आणला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही या विषयाचा उल्लेख आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने २०२६-२७ या शैक्षणिक वर्षापासून तिसरीपासूनच हा विषय आणण्याचे जाहीर केले. दिशा स्वागतार्ह आहे. मात्र, आठ-नऊ वर्षांच्या मुलाला यंत्र चालवायला शिकवण्याआधी ते कुठे चुकते हे शिकवले जाणार का, यावर त्या अभ्यासक्रमाचे मोल ठरेल. बटणे कोणती दाबावीत हे मुले घरीच शिकतात, बहुधा शिक्षकांच्या आधी. त्यांना शिक्षक लागतो तो शंका घ्यायला शिकवण्यासाठी.

म्हणूनच शिक्षकांच्या प्रशिक्षणात सॉफ्टवेअरच्या ओळखीइतकाच वेळ अशा पाठांना मिळायला हवा. जिल्हा परिषदेच्या एका शाळेने तयार केलेला गावाविषयीचा पाठ दुसऱ्या शाळेला जसाच्या तसा चालणार नाही. वाणगावचा पाठ वाणगावने करावा, चिंचणीचा चिंचणीने. एका वर्षात प्रत्येक शाळेने यंत्राच्या उत्तरातील आपल्या गावाविषयीच्या दहा चुका शोधून, त्या कशा तपासल्या हे लिहून काढले, तरी मुलांच्या हाती गावाची खरी माहिती असलेली एक वही तयार होईल.

पालकांचा वाटाही यात कमी नाही. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही, त्यांनाही मुलाला तीन गोष्टी विचारता येतात. 'हे तुला कोणी सांगितले? ते खरे आहे हे कशावरून? अजून कोणाला विचारलेस?' हे प्रश्न विचारायला इंग्रजी लागत नाही आणि संगणकही लागत नाही. शिवाय यंत्राला ठाऊक नसलेली बरीच उत्तरे याच माणसांकडे आहेत. कारखाने येण्याआधी सरावलीत भात कुठे पिकत होता, पाणी कुठल्या विहिरीचे होते, जुनी वाट कुठून जात होती, हे मुलाला विचारायचे असेल तर ते अजून घरातल्या आजी-आजोबांनाच विचारावे लागते.